वाक्य कोणाचे, पान कोणते?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. ऑफिसातून येऊन आम्ही नुकतेच हातपाय धुतले होते, तोच आमची भाची दारात उभी. हातात कागदांचा गठ्ठा, डोळे रडून सुजलेले. मागोमाग आमची धाकटी बहीण, पदराने तोंड पुसत. काही विचारायच्या आत बहीणच बोलली, "दादा, पोरीनं चोरी केली म्हणतेत. आपल्या घरात असं कधी झालं का हो?"

आधी घरची परिस्थिती सांगतो. भाचीचे वडील वाळूजच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला आहेत. बहीण सिडकोत चार घरची धुणीभांडी करते. भाची एम. ए. च्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या दोन्ही घरांत मिळून इतके शिकलेली ती पहिलीच. लघुप्रबंधाला तिने विषय घेतला होता घरकाम करणाऱ्या बायकांचा. पहिले प्रकरण बाबासाहेब आणि कामगार कायदे, पुढची प्रकरणे आजच्या घरकामगार महिलांवर. मार्गदर्शक सरांनी पहिली तीन प्रकरणे वाचली आणि अकरा ठिकाणी लाल पेन्सिलीने गोल करून परत दिली. प्रत्येक गोलाशेजारी एकच प्रश्न: हे वाक्य कोणाचे? शेवटच्या पानावर एक शब्द लिहिला होता, वाङ्मयचौर्य. शेजारच्या मुलाने त्याचा अर्थ सांगितला आणि घरात सुतक पडल्यासारखे झाले.

आम्ही कागद चाळले. अकराच्या अकरा उतारे बाबासाहेबांचे म्हणून उतरवलेले. पण कुठे अवतरणचिन्ह नाही, ग्रंथाचे नाव नाही, पान नाही. पोरीचे वाक्य आणि बाबासाहेबांचे वाक्य एकमेकांत मिसळून गेलेले. आम्ही विचारले, "बाई, असं का केलंस?" ती म्हणाली, "मामा, बाबासाहेब आपलेच ना? बापाच्या बोलण्याला कुणी अवतरण देतं का?"

आता यावर काय बोलावे? तिच्या मनात चोरी नव्हती, भक्ती होती. आणि खरे सांगायचे तर तिला बोल लावण्याचा आम्हाला अधिकारही नव्हता.

त्याचे असे झाले. वीसेक वर्षांपूर्वी आमची बी. कॉम. नुकतीच झाली होती, चळवळीचा नवा जोश होता. आमच्या वस्तीतल्या १४ एप्रिलच्या कार्यक्रमात आम्हाला पहिल्यांदा माईक मिळाला. आम्ही बाबासाहेबांचे म्हणून एक जोरदार वाक्य फेकले. टाळ्यांचा कडकडाट झाला. कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत जवळ आले. जयभीम केला आणि हळूच विचारले, "बाळ, वाक्य छान होतं. कोणत्या ग्रंथातलं? पान कोणतं?" आमची बोबडी वळली. ते वाक्य आम्ही एका कॅलेंडरवरून उचलले होते. म्हातारे रागावले नाहीत. "सापडलं की मलाही सांग," एवढेच म्हणाले. ते आम्हाला आजपर्यंत सापडलेले नाही. म्हातारे मात्र गेले. तो प्रश्न आमच्या अंगात काट्यासारखा राहिला आहे.

म्हणून भाचीला आम्ही उपदेश केला नाही. ऑफिसच्या बॅगेतून एका पत्राची स्थळप्रत काढून तिच्यापुढे ठेवली. कारकुनी पत्र कसे असते हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. वर 'विषय', त्याच्या खाली 'संदर्भ'. आपले पत्र क्रमांक अमुक, दिनांक तमुक. ही ओळ नसेल तर साहेब सही करत नाहीत. का? कारण पत्र वाचणाऱ्याला मागचा कागद काढून पाहता आला पाहिजे. हिशेबाचेही तेच. कीर्दीत नोंद केली की मागे व्हाउचर हवे. व्हाउचर नसेल तर ऑडिटर ती रक्कम तुमच्या नावावर टाकतो, मग तुम्ही कितीही प्रामाणिक असा. आम्ही म्हणालो, "पोरी, तू पैसे खाल्ले नाहीस. तू व्हाउचर लावायचं विसरलीस. पण वाचणाऱ्याला त्यातला फरक कळणार कसा?"

बहिणीचा चेहरा जरा सैल झाला. व्हाउचरची भाषा तिला समजली. बचत गटाची वही तीच सांभाळते.

आता बापाच्या बोलण्याला अवतरण कशाला, या प्रश्नाकडे वळू. आमचे उत्तर असे की ते आपल्याला बापानेच शिकवले. शेकडो वर्षे आपल्याला काय सांगितले गेले? शास्त्रात असे आहे, पुराणात तसे आहे. कोणत्या शास्त्रात, कोणत्या श्लोकात, हे विचारायची सोय नव्हती. पोथीला हात लावायचीच बंदी होती. बाबासाहेबांनी ती पोथी उघडली. १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते' हा इंग्रजी ग्रंथ आला. त्यात ऋग्वेदापासून महाभारतापर्यंतचे आधार त्यांनी जागच्या जागी दिले आहेत. १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथातही तेच. विरोधकांना ग्रंथ आवडो न आवडो, दिलेला आधार उघडून पाहण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. आधाराशिवाय तेच लिहिले असते तर एका वाक्यात उडवून लावले असते.

याच शूद्रांवरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट केली आहे. आपले संस्कृतवर प्रभुत्व नाही हे त्यांनी उघड कबूल केले आणि संस्कृत ग्रंथ इंग्रजी भाषांतरांतून वाचता येतात हेही सांगितले. एवढा मोठा विद्वान, पण मूळ किती पाहिले आणि भाषांतर किती, हे लपवले नाही. तो ग्रंथ त्यांनी महात्मा जोतीराव फुल्यांना अर्पण केला. ज्याचे ऋण त्याचे नाव, हा त्यांचा शिरस्ता होता.

इथे भाचीने आम्हाला अडवले. पोरगी हुशार आहे. म्हणाली, "मामा, मग 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये तळटीपा कुठं आहेत? विहारात आपण रोज वाचतो."

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर आपल्या सर्वांना माहीत असले पाहिजे. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. सामान्य माणसाला हातात धरून वाचता येईल असा बौद्धांचा एकच ग्रंथ असावा, असे बाबासाहेबांनी १९५० सालच्या आपल्या लेखातही मांडले होते. त्यामुळे या ग्रंथाची रचना धर्मग्रंथासारखी आहे. कलमे पाडलेली, क्रमांक घातलेले, पण कोणता भाग कोणत्या सुत्तातून घेतला याच्या तळटीपा नाहीत. पुढे काय झाले? हा भाग त्रिपिटकात कुठे आहे, आणि बाबासाहेबांचा स्वतःचा अर्थ कुठे सुरू होतो, असे प्रश्न निघाले. मग भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना पाली ग्रंथ धुंडाळून उताऱ्यांची मूळ ठिकाणे शोधली. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांचे इंग्रजी लेखन खंडांत आणले. त्यांतला अकरावा खंड, म्हणजे हाच ग्रंथ, १९९२ साली निघाला. त्याला पाली व इतर आधारांची स्वतंत्र पुरवणी १९९५ साली जोडली गेली. २०११ साली दिल्लीहून आकाश सिंग राठोड आणि अजय वर्मा यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती काढली. म्हणजे एका ग्रंथाची व्हाउचरे लावायला विद्वानांच्या दोन-तीन पिढ्या खपल्या. बाबासाहेबांसाठी लोक खपले. तुझ्या-माझ्या लघुप्रबंधासाठी कोण खपणार? आपली व्हाउचरे आपणच लावली पाहिजेत.

आपल्यातले काही बंधू म्हणतील, भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की ग्रंथात आहे म्हणून मानू नका. मग ग्रंथाची नि पानाची एवढी मातब्बरी कशाला? हा गैरसमज काढला पाहिजे. केसपुत्त गावच्या कालामांना केलेला तो उपदेश अंगुत्तर निकायात आहे, आणि त्याचा सारांश तपासून घ्या असाच आहे. संदर्भ देतात तो वाचणाऱ्याने डोळे मिटून मानावे म्हणून नव्हे. त्याला तपासता यावे म्हणून देतात. पान नंबर नसेल तर तपासणार काय? दीघ निकायातील महापरिनिब्बान सुत्तात तर याची रीतच सांगितली आहे. कोणी भिक्खू म्हणाला की हे मी प्रत्यक्ष भगवंतांच्या तोंडून ऐकले, तरी ते लगेच उचलून धरू नये आणि झिडकारूही नये. आधी सुत्त आणि विनय यांच्याशी ताडून पाहावे. भोगनगर येथे दिलेल्या या शिकवणीला महापदेस म्हणतात. सुत्ते सुरू होतात तीही 'असे मी ऐकले' या अर्थाच्या शब्दांनी, आणि पाठोपाठ भगवान त्या वेळी कोठे होते ते येते. ऐकणारा कोण आणि ठिकाण कोणते, हे आधी. आपल्या परंपरेत संदर्भ हा परका पाहुणा नाही.

आणि तपासले की काय हाती लागते याचा एक मासला. आपल्या प्रत्येक कमानीवर असते, 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा'. बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय परिषदेत इंग्रजीत भाषण केले. त्यात हे तीन शब्द आहेत, पण क्रम वेगळा आहे. आधी एज्युकेट, मग अॅजिटेट, मग ऑर्गनाइझ. म्हणजे संघर्ष दुसरा आणि संघटन तिसरे. शिकलेल्या माणसाच्या मनात आधी खळबळ उठावी, मग त्याने संघटित व्हावे, असा अर्थ आम्ही त्यातून घेतो. कोणी वेगळा घेईल. पण मूळ पाहिल्याशिवाय ही चर्चाच सुरू होत नाही. आणखी मागे गेलो तर १८८० च्या दशकात लंडनच्या सोशल डेमोक्रॅटिक फेडरेशन या समाजवादी संघटनेच्या सभासद कार्डावर हेच तीन शब्द सापडतात. त्या कार्डाचे चित्र विल्यम मॉरिस यांनी काढले होते. यामुळे बाबासाहेब लहान होतात काय? मुळीच नाही. जगातल्या कामगारांच्या शब्दाला त्यांनी आपल्या माणसांत प्राण दिला, हे उलट उठून दिसते.

असो. रात्री उशिरापर्यंत बसून आम्ही भाचीला कारकुनी पद्धतीने एक वही आखून दिली. आपल्या घरच्या इतर मुलांनाही उपयोगी पडेल म्हणून इथे सांगतो. पुस्तक हातात घेतले की मजकूर उतरवण्याआधी पहिल्या पानावरची माहिती उतरवावी: लेखक, ग्रंथाचे नाव, खंड, प्रकाशक, गाव, वर्ष. जसे, आंबेडकर, बी. आर., 'द बुद्ध अँड हिज धम्म', रायटिंग्ज अँड स्पीचेस, खंड ११, शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई, १९९२. प्रत्येक उताऱ्यापुढे पान नंबर त्याच क्षणी लिहावा. नंतर लिहू म्हटले की तो कधीच लिहिला जात नाही. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले तर अवतरणचिन्ह आणि पान, दोन्ही हवे. आपल्या शब्दांत सांगितले तर अवतरण नको, पण नाव हवेच, कारण विचार त्याचा आहे. भाषांतरातून घेतले तर भाषांतरकाराचे नाव द्यावे. आपण स्वतः भाषांतर केले तर 'अनुवाद माझा' असे नोंदवावे. मूळ ग्रंथ पाहिलाच नाही, दुसऱ्याच्या पुस्तकात त्यातला उतारा वाचला, तर तसे सरळ सांगावे. त्यात कमीपणा नाही.

मुले घाबरतात ती मांडणीच्या प्रकारांना. एपीए, एमएलए अशी नावे ऐकली की पोटात गोळा येतो. ही सगळी अमेरिकेतल्या संस्थांनी घालून दिलेली वळणे आहेत. एपीएमध्ये लेखकाच्या नावामागोमाग वर्ष येते. एमएलएमध्ये मजकुरात नाव आणि पान येते, वर्ष शेवटच्या यादीत जाते. स्वल्पविराम कुठे आणि टिंब कुठे, एवढाच बाकी फरक. एका ऑफिसात नोंदवही निळ्या शाईने लिहितात, दुसऱ्यात काळ्या, तसे हे. मार्गदर्शक सांगतील ते वळण घ्यावे आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तेच ठेवावे. शाईवरून रडू नये, नोंद खरी ठेवावी.

नियमांचीही माहिती असावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी २०१८ साली नियम केले. प्रबंधातला मजकूर इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंत जुळला तर शिक्षा नाही. १० च्या पुढे ४० टक्क्यांपर्यंत जुळला तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो. ४० च्या पुढे ६० पर्यंत गेला तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर गेला तर नोंदणीच रद्द होते. पण त्याच नियमांत हेही आहे की रीतसर नाव देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची या मोजणीत धरत नाहीत. म्हणजे जी अवतरणचिन्हे द्यायला भाचीला संकोच वाटत होता, तीच तिला वाचवणारी होती. घरी एकाचा पगार आणि एकीची मोलमजुरी. तिथे एक वर्ष वाया जाणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. अशा वेळी मुलीचे शिक्षण थांबते आणि तिच्या लग्नाच्या गोष्टी सुरू होतात.

पुढचे तीन आठवडे भाची ग्रंथालयात बसली. दहावा खंड तिने पहिल्यांदा उघडला. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, त्या काळचे त्यांचे काम आणि भाषणे त्यात आहेत. अकरापैकी सात उतारे तिथे मिळाले. दोन एका चरित्रात मिळाले. उरलेले दोन तिने एका छोट्या पुस्तिकेतून घेतले होते, आणि त्या पुस्तिकेत आधारच दिला नव्हता. पोरीने ते दोन्ही खोडले. आम्हाला म्हणाली, "मामा, सर्वात आवडते तेच दोन होते." आम्ही काय बोलणार? आम्हाला आमचे कॅलेंडर आठवले.

सगळे उतारे रीतसर अवतरणात गेले, आणि मग एक गोष्ट तिची तिलाच दिसली. पहिल्या प्रकरणात तिचे स्वतःचे असे दोन पानांपेक्षा जास्त काही नव्हतेच. त्या रात्री ती पुन्हा रडली. पण त्यानंतर तिने लिहायला घेतले ते स्वतःचे. वस्तीतल्या घरकामगार बायकांकडे ती वही घेऊन बसू लागली. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, त्याची किती जणींना माहिती आहे, सुट्टी मिळते का, आजारपणात पगार कापतात का. बायका बोलू लागल्या. सरांनी सांगितले की मुलाखतीचीही नोंद संदर्भसूचीत करायची असते. कोणाची, कोणत्या दिवशी, कोणत्या गावी. आणि नाव छापायचे तर त्या बाईची परवानगी घ्यायची. काही जणी म्हणाल्या, नाव नको, मालकीण कामावरून काढील. त्यांना भाचीने नुसते क्रमांक दिले. तिच्या आईला विचारले तेव्हा आमची बहीण म्हणाली, "माझं खरं नाव लिही. मी कुणाची चोरी नाही केली."

लघुप्रबंध वेळेत गेला. भाचीने एक प्रत घरी आणली. बहिणीला अक्षरे लावून लावून वाचता येते. तिने प्रबंध मागच्या पानांपासून उघडला आणि बोट फिरवत फिरवत स्वतःचे नाव शोधले. आधी आडनाव, मग नाव, मुलाखत, तारीख, गाव. बाबासाहेबांच्या ग्रंथाची नोंद ज्या वळणाने केली होती, त्याच वळणाने. चार घरची भांडी घासणाऱ्या बाईचे शब्द त्या पानावर आधार म्हणून धरले गेले होते. बराच वेळ तिने ते पान मिटले नाही.

बंधू-भगिनींनो, १४ जानेवारीला नामविस्तार दिनी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी पुस्तकांचे स्टॉल लागतात, १४ एप्रिलला जागोजागी लागतात. आपण पोटाला चिमटा घेऊन पुस्तके घेतो. यापुढे घेताना मागची पाने उलटून पाहा, आधार दिलेले आहेत का. फळ्यावर सुविचार लिहाल तेव्हा खाली ग्रंथ आणि पान लिहा. मोबाइलवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी एखादे वाक्य आले तर पुढे पाठवण्याआधी पाठवणाऱ्याला जयभीम करा आणि तो म्हाताऱ्यांचा प्रश्न नम्रपणे विचारा.

आम्ही मात्र आमचे ते वाक्य गेल्या वीस वर्षांत पुन्हा कोणत्याही भाषणात वापरलेले नाही. ज्या दिवशी पान सापडेल, त्या दिवशी वापरू.

जयभीम!